बिनखुणेचा नॉब

४ जानेवारी, रविवार

निशिगंधाची तारीख पक्की झाली. १८ फेब्रुवारीला हळद, १९ ला लग्न. मुलाकडचे नावडे गावचे. माणसं चांगली आहेत, बोलतात फार. वडील गेले की मुलीचं लग्न वर्षाच्या आत करावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं, असं सासूबाईंचं म्हणणं. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, असल्या नियमांवर माझा विश्वास नाही. पण थांबून तरी काय होणार होतं?

कामं डोक्यात मावेनात म्हणून ही डायरी काढली. रोज लिहीन असं नाही.

मांडव, जेवण, पत्रिका मार्गी लागल्या. अडलं एकाच ठिकाणी. निशिगंधा म्हणाली, "हळदीला पप्पांची गिटार वाजली पाहिजे."

"दिपेश वाजवणारच आहे," मी म्हटलं.

"दिपेशदादा वाजवेल, माहितीये. मला पप्पांचा आवाज पाहिजे. तो नसेल तर पथकच नको. मुकी हळद लावा मला."

आमच्या पावणेसारख्या गावात मुकी हळद म्हणजे घरात काहीतरी झालंय असं लोक समजतात. आगरी लोकांत हळद लग्नापेक्षा मोठी. मी साताऱ्याकडची. लग्न होऊन इथं आले तेव्हा एका हळदीला एवढा दणका कशासाठी, ते मला कळलं नव्हतं. आता कळतं असं नाही, सवय झाली आहे.

माझा नवरा देवजी दिवसा एमआयडीसीत फिटर आणि सीझनला बेंजो पथकात गिटार. त्याच्या गिटारचा आवाज गिटारसारखा नव्हताच. थोडा फाटलेला आणि तरी गोड. लोक दोन गल्ल्या पलीकडून ओळखायचे, "देवजी वाजवतो." माझ्या दृष्टीनं तो आवाज कायम जास्तच होता. पस्तीस वर्षं मी स्वयंपाकघरातून "कमी कर" म्हणून ओरडले. त्यानं माझं कधी ऐकलं नाही. मागच्या ऑगस्टमध्ये दुपारचं जेवून खुर्चीत बसला, तो उठलाच नाही. तेव्हाही मी आतून काहीतरी विचारत होते.

असो. आवाज ही मोजता येणारी गोष्ट आहे. जमवू.

७ जानेवारी, बुधवार

दिपेश आला. देवजीच्या थोरल्या भावाचा मुलगा. न्हावाशेव्याला क्लिअरिंगच्या ऑफिसात नोकरी, उरलेला वेळ पथक. गिटार त्याला देवजीनंच शिकवली. मागची खोली उघडून दिली. मी ती नियमित झाडते, वस्तूंना हात लावत नाही.

ॲम्प म्हणजे आवाज मोठा करणारं एक लाकडी खोकं, पुढे कापड, आत व्हॉल्व्ह. माझ्या वडिलांकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता, तापल्याशिवाय बोलायचा नाही. तसंच हे. गिटार आणि ॲम्प यांच्या मधे जमिनीवर हिरवं पेडल, साबणाच्या डबीएवढं. पायानं दाबलं की सूर तडकतो. त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. दिपेश समजावून सांगायला लागला, मी त्याला थांबवलं. तत्त्व सोपं आहे. ॲम्पला पेलेल त्यापेक्षा लाट मोठी झाली की तिचे शेंडे कापले जातात. थोडे कापले तर कानाला गोड, जास्त कापले तर गोंगाट.

देवजीनं नॉबवर खुणा करून ठेवल्या आहेत. निशिगंधाच्या लाल नेलपॉलिशचे ठिपके. पेडलवर, गिटारवर, ॲम्पवर, सगळीकडे. फक्त ॲम्पच्या व्हॉल्यूमला खूण नाही. विसरला असणार. शेवटचं काम अर्धवट सोडायची सवयच होती.

दिपेशनं ठिपके जुळवून वाजवलं. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी अडकावी तसं. व्हॉल्यूम वाढवला, तर डबाच फुटल्यासारखं.

"सेम गिटार, सेम पेडल, सेम ॲम्प. काय घंटा कळत नाय," तो म्हणाला. मी नुसतं बघितलं. "सॉरी काकी," म्हणाला.

निशिगंधा दारातून ऐकत होती. मग निघून गेली.

११ जानेवारी, रविवार

आज शिस्तीनं काम केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी आठवीच्या मुलांना शिकवायची तेच. वायर बदलून पाहिली, ॲम्प भिंतीपासून पुढे घेतला, मागे घेतला.

एक गोष्ट सापडली. दिपेश देवजीचे ठिपके सोडून पेडलचा ड्राइव्ह, म्हणजे सूर तडकवणारा नॉब, चढवत होता, कारण खरखर पेडलमधून येते असं त्याला वाटतं. ठिपका सांगतो उलटं. ड्राइव्ह जवळजवळ बंद, लेव्हल, म्हणजे नुसता जोर, जवळजवळ पूर्ण. म्हणजे पेडलनं फक्त ढकलायचं. फाटतो तो ॲम्प, आणि तो नेमका कुठे फाटायला लागतो त्या काठावर उभं राहायचं. तो काठ व्हॉल्यूमच्या नॉबवर आहे, आणि तिथेच खूण नाही.

मी समोर खुर्ची टाकून बसले. दिपेशनं नॉब तसूतसूनं फिरवला आणि दर वेळी तीच ओळ वाजवली. मी दर वेळी म्हटलं, "हा नाही."

"मग काकाचा कसा होता, ते तरी सांग ना."

सांगता आलं नाही. मी कधी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं. हा नाही, एवढं मात्र खात्रीनं सांगता येतं. मोबाइलवरचे व्हिडिओ लावले, पण त्यात सगळीच वाद्यं एकसारखी चपटी.

गोटीरामभाऊ आले होते. पथक त्यांचंच, देवजीचे लहानपणापासूनचे मित्र. म्हणाले, "वयनी, तुमी समोर बसल्याव पोराची बोटा वाकरी होतान. आत जावा. भाजीबिजी टाका." आणि उगाच हसले.

भाजीच राहिली होती, म्हणून आत गेले. तिथून कान देऊन ऐकलं. तरी हा नाही. दिपेश वाजवताना सारखा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. चहाची वाट बघत असेल म्हणून चहा नेला. "चहा नको होता गं काकी," म्हणाला, तोंड एवढंसं करून.

१२ जानेवारी, सोमवार

ॲम्प बंद ठेवणं बरं नाही. खाडीची हवा, व्हॉल्व्ह ओल धरतील. संध्याकाळी थोडा वेळ नुसताच चालू ठेवायचा असं ठरवलं. गिटार लावायची नाही, वाजवायचं नाही. फक्त तापू द्यायचा.

चालू केला की लाल दिवा लागतो आणि बारीक घरघर सुरू होते. थोड्या वेळानं तापलेल्या धुळीचा वास येतो. हा वास संध्याकाळचा आहे हे मी विसरले होते. मी भाकरी थापायला घ्यायची आणि हा वास यायचा.

घरघरीनं कामात अडथळा येत नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. गल्लीत हळदीकुंकू. दर वर्षी पाच घरांची बोलावणी, जाऊन जाऊन पाय दुखायचे. यंदा कोणी बोलावलं नाही. बरं झालं. केटररशी भाज्यांचं बोलून घेतलं, मांडववाल्याला खडसावलं. पुष्कळ काम झालं.

ॲम्प आज जरा जास्त वेळ चालू राहिला.

१७ जानेवारी, शनिवार

बाजारातून आले आणि ॲम्पवर हात ठेवला तर गरम. मी आज लावलाच नव्हता. परवाही असंच वाटलं होतं, तेव्हा भास म्हणून सोडून दिलं. आज भास नाही. खोलीत तोच वास होता.

सगळ्यात आधी वायरिंग तपासलं. स्विच बंद होता. प्लग व्यवस्थित. बंद यंत्र तापत नाही.

कोणाला काही बोलले नाही. निशिगंधा आधीच रडवेली आहे. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, त्यांच्या डोक्यात भलतंसलतं भरायला नको.

२१ जानेवारी, बुधवार

हे लिहावं की नाही, कळत नाही. लिहिते.

संध्याकाळी ॲम्प लावला होता. मी स्वयंपाकघरात बोंबलाचं कालवण करत होते. मांडववाल्याचा फोन चालू, दुसऱ्या शेगडीवर दूध, आणि मागून ती घरघर. तोंडातून निघून गेलं, "अरे, कमी कर जरा!"

खोलीत कोणी वाजवत नव्हतं.

आणि घरघर कमी झाली.

मी फोन तसाच कानाला धरून उभी राहिले. पलीकडून माणूस "मॅडम, मॅडम" करत होता. मागच्या खोलीत जायला माझे पाय निघाले नाहीत. दूध मात्र मी उतू जाऊ दिलं नाही.

गावठाणात संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. कारखान्यांच्या पाळ्या बदलतात, लोड वाढतो. घरघर उतरायला तेवढं पुरेसं आहे. तसंच झालं असणार.

२३ जानेवारी, शुक्रवार

गरम ॲम्पचा उलगडा झाला. दुपारी बँकेतून लवकर परतले. मागच्या खोलीचं दार लोटलेलं. आत सासूबाई, बयाबाई, देवजीच्या स्टुलावर बसलेल्या. ॲम्पचा लाल दिवा लागलेला. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

मला बघून म्हणाल्या, "उबारा लागतंय गो हाताला."

"शॉक बसला असता म्हणजे? आणि मला न विचारता लावायचा नाही, बिघडेल."

"तू लावतंस ना सांजचा? मी दुपारचा लावतंय. तू भाजीला गेलीस का."

ओरडायला हवं होतं. ओरडले नाही. बाहेर येऊन कपडे वाळत घातले. आता आळीपाळीनं चालतं. मी त्याबद्दल बोलत नाही, त्या बोलत नाहीत.

३० जानेवारी, शुक्रवार

सापडला!

दिपेश संध्याकाळी आला. मी आता समोर बसत नाही. कंटाळलेही आहे. स्वयंपाकघरात पत्रिकांवर नावं घालत होते, एकीकडे कुकर. दिपेश व्हॉल्यूम चढवत चढवत एकच ओळ घासत होता. मला एका घराची सगळी नावं आठवेनात. डोकं उठलं. मी होते तिथूनच ओरडले, "अरे, कमी कर की! घर आहे का मांडव!"

त्यानं कमी केला.

आणि तो आवाज आला. माझ्या हातातलं पेन थांबलं. फाटलेला, पण फाटलेल्या कडेला मऊ. सुराच्या शेवटी थोडी धाप लागल्यासारखी. मी ओळखला नाही. ओळखायला वेळ लागतो, इथे वेळ लागलाच नाही. देवजी मागच्या खोलीत होता आणि मी नावं लिहीत होते, एवढंच.

निशिगंधा जिन्यावरून धावत आली आणि पायरीवरच बसली. दिपेश थांबेना. डोळे पुसायलाही थांबला नाही.

मी आधी जाऊन नॉब बघितला. नेलपॉलिश आणून ठिपका दिला. काम पूर्ण झालं. इतका साधा ठिपका द्यायला देवजीला काय झालं होतं?

३१ जानेवारी, शनिवार

ठिपका जुळवला. गांधीलमाशी.

ठिपका बरोबर आहे, मी स्वतः दिला आहे. ॲम्प तोच, खोली तीच, वाजवणारा तोच. कालच्यासारखा ओरडा मी मुद्दाम करून पाहिला. निशिगंधा म्हणाली, "आई, तू शाळेत हजेरी घेतल्यासारखी ओरडतेस." दिपेशनं कमी केला, पण ते नुसतं कमी झालं.

म्हणजे जागा रोज बदलते. व्होल्टेज, हवा, व्हॉल्व्ह किती तापलेत, बोटात जोर किती. मग देवजी रोज ती कशी शोधत होता? त्याच्याजवळ कसलं तरी माप असलं पाहिजे. मापाशिवाय रोज तीच गोष्ट येत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या लग्नाचा मांडव उभा होता, तिथे गोटीरामभाऊंनी सकाळी वाजवून बघू म्हटलं. आम्ही सगळे गेलो. सासूबाईंनाही खुर्चीत बसवून नेलं.

उघड्यावर आणखी वाईट. भिंती नाहीत, आवाज कुठे टेकत नाही. दिपेशनं चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. शेवटी गिटार मांडीवर आडवी ठेवून बसला.

निशिगंधा म्हणाली, "बस झालं. मुकी हळद लावा. मी रडणार नाही, प्रॉमिस."

ती तेव्हाच रडत होती. मी म्हटलं, "खूण नसलेल्या नॉबवर काय काम करायचं? माणसानं एवढं सगळं मार्क केलं आणि नेमकं हे विसरला."

गोटीरामभाऊ खाली बघून हसले. मग हसू आवरून म्हणाले, "वयनी, रागावू नका. तो इसरला नाय."

"मग?"

"देवजी मांडवान आला का पयला तुमाला शोधायचा. तुमी पान्याच्या टाकीजवल उभ्या. सगल्यांच्या मागं, नाकावर चष्मा. तो नॉब चरवीत जायाचा. तुमचा हात कानाव गेला का उतरवीत यायाचा, हलू हलू. तुमचा हात खाली आला का बस. खेल सुरू. आमी सगले म्हनायचो, मास्तरनीचा मीटर."

मी दिपेशकडे बघितलं.

"घरी पण तेच, काकी," तो म्हणाला. "तू ओरडायचीस ना, त्याच्या केसभर खाली नॉब. काका बोलायचा, दिप्या, खूण कशाला करायची, खूण आत भाकऱ्या भाजतेय. म्हणून तर मी तुझ्या दाराकडे बघत बसायचो. पण तू ओरडायलाच तयार नाय."

"महिनाभर हे मला कोणी सांगितलं नाही?"

"कोन सांगनार?" गोटीरामभाऊ म्हणाले. "सगले घाबरतान."

निशिगंधानं डोळे पुसले. "मग झालं की! आई, हळदीला तू टाकीपाशी उभी राहा. नेहमीसारखी."

मी म्हटलं, "हळदीला मी आत असणार आहे."

पथकातली माणसं वायरी गुंडाळायला लागली. निशिगंधाला आधी कळलंच नाही. मग कळलं. "तू? तू असलं मानतेस?"

"मी काय मानते हा प्रश्न नाही. नावड्याची माणसं येणार. तुला तिथं नांदायचं आहे. नवरा जाऊन सहा महिने झालेली बाई हळदीत पुढे उभी होती, हे तुझ्या मागे आयुष्यभर नको. आत पुष्कळ काम आहे."

घरी येताना ती माझ्या दहा पावलं पुढे चालत राहिली.

९ फेब्रुवारी, सोमवार

स्वतःला स्पष्ट लिहिते. लोकांना मी भीत नाही. पण मी टाकीपाशी उभी राहिले आणि आवाज आला, तर मला समोर बघावं लागेल. तिथे दिपेश बसलेला असेल.

आणि आवाज आलाच नाही, तर तेही माझ्यामुळेच.

संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. गुडघ्यांमुळे एरवी येत नाहीत. पाट ओढून बसल्या.

"देवजीचे हलदीला मी खय व्हते, ठावं हाय तुला?"

"मांडवात असाल."

"हितं. या चुलीपाशी. त्याचा बापूस वारलेला ना आदल्या साली. सगल्या बाया सांगाया लागल्या, बयाबाय, तू आत बस. बसले. बाहेर वाजत व्हता, मी हितं वांगी चिरतंय." त्यांनी जमिनीवर बोट टेकवलं. "माज्या पोराला हलद लागली, ती मना आजून दिसली नाय. लोकांनी सांगितली, मी आयकली. तेवरीच."

मला माझी हळद आठवली. मांडवात सासू दिसली नाही, म्हणून मी वर्षभर मनात धरलं होतं, यांना देशावरची सून नको होती.

"नावड्याची लोका बोलतील," मी म्हटलं.

"बोलू देत. मी बगतंय त्यांना," असं म्हणून त्या वांगी चिरायला बसल्या. वांगी आज करायचीच नव्हती.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दोन दिवस टेकायला मिळालं नाही. आता घर शांत आहे. निशिगंधा नावड्याला पोचली, फोन आला. क्रमानं लिहिते.

बुधवारी दिवेलागणीला हळद सुरू झाली. मी आत होते. पुऱ्यांचं पीठ, पाहुण्यांच्या पिशव्या, बाथरूमचा नळ. कामं खरोखरच होती. मांडवात पथक जुळवाजुळव करत होतं. खिडकीतून ऐकू येत होतं, गांधीलमाशी. दिपेश चढवतो, उतरवतो. माणसं थांबलेली. गोटीरामभाऊ माइकवर काहीतरी बोलून वेळ काढत होते. निशिगंधा पाटावर बसली होती, पिवळी साडी, मान खाली. तिनं एकदाही घराकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी आतच राहिले असते.

मी हात धुतले आणि बाहेर आले. सासूबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या, जणू वाट अडवून. "मनाही ने," म्हणाल्या. त्यांना एका हातानं धरून मी टाकीपर्यंत गेले. वाट सगळ्या बायकांमधून जाते. बोलणं बंद झालं. मुलाकडची एक बाई दुसरीच्या कानाला लागली. सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "काय गो, तुमचे गावान आय नसतं का पोरीला?" ती बाई पदर सावरत बाजूला सरकली.

टाकीला पाठ लावून उभी राहिले. चष्मा पुसून घातला. मग समोर बघितलं.

दिपेश माझ्याकडेच बघत होता. गोटीरामभाऊही. सगळं पथक. पहिल्यांदाच मला ते दिसलं. एवढी वर्षं मला वाटायचं, ही माणसं माझ्या मागे कोणाला तरी बघतात.

दिपेशनं पेडल दाबलं आणि चढवत गेला. मी हात वर केला नाही. ठरवून करायचा नाही, हे मी ठरवलं होतं. तो चढवतच गेला. टाकीचा पत्रा पाठीला थरथरायला लागला. पोरांनी कान झाकले. हे काय चाललंय, असा मला खरोखरीचा राग आला, देवजीवर यायचा तसाच. लोकांना बहिरं करायचंय का, मेल्या! आणि हात कानावर गेला.

आवाज उतरू लागला. सावकाश, एकेक केस. मी हात काढला नाही. आणखी उतरला. आणि मग, दिपेशनं काही केल्यासारखं वाटलंच नाही, पण आवाज तिथे होता. तो. मांडवभर. कडेला मऊ, शेवटी धाप लागलेला. निशिगंधानं मान वर केली. मागून कोणीतरी म्हातारा माणूस म्हणाला, "देवजी आला."

आता हात खाली आणायचा. एवढंच राहिलं होतं. हात खाली आला की नॉब थांबणार, आणि मग तो तिथेच राहणार, गाणं संपेपर्यंत.

हात खाली येईना. हात खाली आला की खेळ सुरू होतो. सुरू झालेला संपतो. दिपेश बघत होता. आवाज आणखी उतरू लागला, हातातून निसटायला लागला, आणि मी तशीच उभी.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात हळदीनं माखलेला होता, कुठून घेतली कोण जाणे. त्यांनी हात खाली ओढला आणि धरून ठेवला. दिपेशनं नॉब केसभर वर नेला आणि सोडला.

ढोल पडला. निशिगंधाला हळद लागली. मी समोर उभी राहून बघितली. माझ्या शेजारी उभ्या राहून सासूबाईंनीही बघितली, शेवटपर्यंत, हात न सोडता.

माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचा पिवळा ठसा आहे. भांडी घासूनही गेला नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ॲम्प, पेडल, गिटार दिपेशला देऊन टाकली. वाजवणाऱ्याकडे असावीत. तो म्हणाला, "काकी, पण मीटर तर इथेच राहणार. वाजवायच्या सुपाऱ्या असतील तिथे तुला यावं लागेल. पुढच्या महिन्यात उरणला, मोरा बंदरावर, हळद आहे." बघू, म्हटलं. तिथे उभं राहायला सावली आहे का, एवढं विचारून ठेवायला सांगितलं.

मागची खोली रिकामी झाली. धुऊन काढली. ॲम्प होता तिथे फरशीचा चौकोन वेगळ्या रंगाचा आहे.

संध्याकाळी भाकऱ्या करत होते. कसलाच आवाज नव्हता. ना घरघर, ना तो वास. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, दिवा लावलेला नव्हता. तवा तापला, पहिली भाकरी टाकली, आणि मी ओरडले, "कमी कर रे!"

मी थांबले. भाकरी उलटायची राहिली.

आतून, अंधारातून, सासूबाईंचा आवाज आला.

"केला गो बाय, केला."